कॉम्प्युटर बैठकीत, गल्ला दुकानात

गेल्या महिन्यात विट्याहून माल घेऊन कराडला परतताना एका ओळखीच्या यंत्रमागवाल्याच्या घरी चहाला थांबलो होतो. गप्पा मालाच्या, मंदीच्या, सुताच्या भावाच्या झाल्या आणि मग त्याने हळूच विषय काढला. "भाई, पोरगी दहावीला गेली, कॉम्प्युटर पाहिजे म्हणते. घ्यायला पैशाची अडचण नाही. पण एकदा नेट घरात आले की सगळी घाण घरात येणार. तुमचे काय मत?" हे तो बोलत असताना त्याचा पाच वर्षांचा धाकटा मुलगा आमच्या शेजारीच गादीवर पालथा पडून बापाचा मोबाईल बघत होता. काय बघत होता ते आम्हा दोघांपैकी कोणालाच ठाऊक नव्हते. आवाज बंद होता, पडदा मुलाच्या तोंडाकडे होता.

नेट घरात येऊन दहा वर्षे झाली, हे त्या भल्या माणसाच्या ध्यानातच आले नव्हते. आपल्यापैकी बहुतेक घरांत हीच गत आहे. चार हजारांची शिलाई मशीन घेताना आपण दहा दुकाने फिरतो, कारागिराला विचारतो, सुई-दोरा घालून चालवून बघतो. मुलाच्या हातात मोबाईल मात्र रडणे थांबावे म्हणून देतो, आणि अभ्यासासाठी कॉम्प्युटर मागितला की सगळा धोका त्याच क्षणी आठवतो. माझे मत उलट आहे. नीट मांडलेला कॉम्प्युटर हातातल्या मोबाईलपेक्षा कितीतरी सुरक्षित असतो. तो एका जागी बसतो. त्याचा पडदा येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसतो. पांघरुणाखाली नेता येत नाही. एकाच यंत्रावर बापाचे खाते वेगळे आणि मुलाचे वेगळे ठेवता येते. शिवाय मोबाईल बहुतांशी बघण्याचे यंत्र आहे, कॉम्प्युटर करण्याचे. पण "नीट मांडलेला" हा शब्द महत्त्वाचा, आणि तो मी फार महाग किंमत देऊन शिकलो आहे.

मी काही या विषयातला पंडित नाही. माझे शिक्षण उर्दू माध्यमातून दहावीपर्यंत, मराठी शिकलो गिऱ्हाइकांकडून, आणि इंग्रजी कापडाच्या ताग्यावरच्या शिक्क्यांवरून. दुकानात कॉम्प्युटर आला तेव्हा एका बोटाने बिल टाइप करत होतो. १ जुलै २०१७ ला जीएसटी लागू झाला आणि मग त्यावाचून गत्यंतर उरले नाही. लाल खतावणी हळूहळू बंद पडली आणि उधारी, खरेदी, देणे सगळे एका लॅपटॉपमध्ये गेले. रात्री तो लॅपटॉप मी घरी आणत असे. मुलगा त्यावर शाळेचे काम करी. एकाच खर्चात दोन कामे होतात म्हणून मी स्वतःला हुशार समजत होतो.

२०२३ सालचा मार्च महिना. रमजान नुकताच सुरू झालेला, म्हणजे आमच्या धंद्याचा ऐन हंगाम, आणि त्यातच ३१ मार्चची वर्षअखेर. एका रात्री मी झोपल्यावर मुलाने, तो तेव्हा चौदा वर्षांचा होता, क्रिकेटचा एक विकतचा गेम कुठूनतरी फुकट उतरवून घेतला. त्या गेमसोबत सूचना होती की बसवण्यापूर्वी अँटिव्हायरस बंद करा. त्याने केला. सहरीच्या वेळी त्याने पाहिले तर फाइलींची नावे बदललेली, शेवटी भलतीच अक्षरे जोडलेली, आणि एक चिठ्ठी उघडत होती की तुमच्या फाइलींना कुलूप लावले आहे, डॉलरमध्ये इतके पैसे पाठवा. मुलगा घाबरला. त्याने लॅपटॉप मिटला आणि काही न बोलता शाळेत गेला.

मी तो लॅपटॉप तसाच दुकानात नेला. रोजच्याप्रमाणे काउंटरवरच्या कॉम्प्युटरला वायरने जोडला, रोजच्याप्रमाणे हिशेबाची नक्कल ठेवण्याचा पेनड्राइव्ह लावला आणि गिऱ्हाईक बघायला उठलो. तासाभराने मुनीमजी म्हणाले, काउंटरवरचे बिलही उघडत नाही. लॅपटॉप गेला, काउंटरचा कॉम्प्युटर गेला, आणि ज्या पेनड्राइव्हच्या भरवशावर मी निर्धास्त होतो तोही गेला. त्या चोरट्यांना मी एक पैसा पाठवला नाही, कारण पैसे देऊनही कुलूप उघडेलच याची हमी नसते आणि देणाऱ्याकडे पुन्हा मागितले जातात. पण नुकसान झाले ते झाले. फेब्रुवारीपर्यंतच्या विक्रीच्या नोंदी जीएसटीच्या पोर्टलवर भरलेल्या होत्या, खरेदीची माहितीही तिथून मिळाली. सप्टेंबरपर्यंतची एक नक्कल सीएकडे होती. बिलबुके होती. नव्हती ती उधारी. गावोगावच्या शिंप्यांकडे, फेरीवाल्यांकडे, बस्त्याच्या गिऱ्हाइकांकडे किती बाकी आहे हे फक्त त्या यंत्रात होते. पुष्कळ लोक भले निघाले. उंब्रजचे एक म्हातारे शिंपी स्वतः वही घेऊन आले आणि म्हणाले, माझ्याकडे तुमचे इतके निघतात, लिहून घ्या. काही जण मात्र त्या दिवसापासून आमच्या गल्लीतून जायचेच बंद झाले.

मुलाला त्या दिवशी मी मारले नाही, पण बोललो फार. नंतर शांत झाल्यावर विचारले, सकाळीच का सांगितले नाहीस? तो म्हणाला, "अब्बा, तुम्ही रागवाल म्हणून." त्याने सकाळी सांगितले असते तर मी लॅपटॉप दुकानात नेलाच नसता. काउंटरचा कॉम्प्युटर आणि पेनड्राइव्ह, दोन्ही वाचले असते. म्हणजे गेमने एक यंत्र खाल्ले आणि माझ्या रागाने दोन. हा हिशेब मी अनेक रात्री करून पाहिला, उत्तर तेच येते.

म्हणून पहिली गोष्ट ही की ज्या यंत्रावर धंदा चालतो त्यावर मुलाला बसवू नका. जुने का होईना, वेगळे यंत्र द्या. बँकेचे व्यवहार, ओटीपी येणारा मोबाईल, हिशेबाचे सॉफ्टवेअर हा गल्ला आहे, आणि तो दुकानात शोभतो. हिशेबाची नक्कल दोन ठिकाणी ठेवा, त्यातली एक यंत्राला कायम जोडलेली नसावी. नक्कल घेतली की पेनड्राइव्ह काढून कपाटात. आणि सांगलीकरांना हे सांगायला नको की ते कपाट खालच्या मजल्यावर नसावे. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात किती दुकानांच्या वह्या आणि यंत्रे एकदमच कृष्णेच्या पाण्यात गेली!

दुसरे यंत्र घ्यायचे म्हटले की आपली धाव वापरलेल्या मालाकडे जाते. त्यात काही वाईट नाही. कंपन्यांच्या कचेऱ्यांतून निघालेले कॉम्प्युटर बाजारात स्वस्तात मिळतात आणि दणकट असतात. पण जुने कापड घेताना आपण जसे उजेडात धरून विरलेले बघतो, तसे इथेही बघावे. विंडोज १० ची नेहमीची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी बंद केली. विंडोज ११ घालायचे तर इंटेलचा साधारण आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर लागतो आणि टीपीएम २.० नावाची सोय लागते. विक्रेता म्हणेल, "घेऊन जा, मी काहीतरी करून चालवून देतो." ते "काहीतरी" म्हणजे बहुधा चोरीचे विंडोज आणि ते उघडणारी एक किल्ली. अशा किल्लीसोबत घरात कोण कोण शिरते ते मी वर सांगितलेच. माल जुना असेल तर त्यात लिनक्स मिंटसारखी फुकट आणि कायदेशीर प्रणाली टाकून घ्यावी. शाळेचे लिखाण, पुस्तके वाचणे, चित्रे, हिशेबाचे तक्ते, सगळे त्यावर होते. परवानगीचे विंडोज असेल तर त्यासोबत येणारा डिफेंडर हा अँटिव्हायरस घरच्या वापराला पुरेसा आहे. त्याच्या डोक्यावर दुसरा फुकटचा बसवू नये.

आता जागा. कॉम्प्युटर बैठकीत ठेवावा, पडदा खोलीकडे. मुलाची पाठ भिंतीला नको, भिंतीला कॉम्प्युटरची पाठ असावी. एवढ्या एका गोष्टीने निम्मे काम होते आणि त्याला पैसा लागत नाही. कोणी म्हणेल, पाहुणे येतात, बैठकीत अभ्यास कसा होणार? आपल्याच सातारा जिल्ह्यात, महाबळेश्वरजवळच्या भिलार गावात, ४ मे २०१७ रोजी पुस्तकांचे गाव सुरू झाले. तेव्हा तिथल्या लोकांनी आपल्या घरांच्या पुढच्या खोल्या पुस्तकांसाठी खुल्या केल्या. अनोळखी माणूस येऊन आपल्या बैठकीत वाचत बसतो आणि घरचे आपापल्या कामात असतात. स्ट्रॉबेरी पिकवणाऱ्या शेतकऱ्यांना जे जमले ते स्वतःच्या मुलासाठी आपल्याला जमायला हरकत नसावी.

जागेसोबत करंटचे बघा. आपली जुनी घरे, वाडे, बोळातली बांधकामे यांत अर्थिंग असतेच असे नाही. कॉम्प्युटरच्या पत्र्याला हात लावला आणि बोटांना झिणझिण्या आल्या तर ते "थोडे येतेच" म्हणून सोडू नका. वायरमनला बोलावून अर्थिंग तपासा, मेन बोर्डावर तीस मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवून घ्या. तीन पिनांच्या प्लगची जाड पिन कापून दोन पिनांच्या बोर्डात घालणारे मी पाहिले आहेत. ही काटकसर कोणाच्या जिवावर बेतेल सांगता येत नाही. घरात रांगते मूल असेल तर एक्स्टेन्शन बोर्ड जमिनीवर नको, भिंतीला स्क्रूने बसवावा. एक लहान यूपीएस घ्यावा म्हणजे वीज गेल्यावर काम वाचवून यंत्र नीट बंद करता येते. खुर्चीचेही तसेच. मूल बसले की पाय टेकले पाहिजेत, न टेकल्यास खाली पाट ठेवा. पडदा हातभर अंतरावर आणि डोळ्यांच्या पातळीला. मान वाकवून आयुष्य काढलेल्या आपल्या शिंपी बांधवांना याचे महत्त्व मी काय सांगणार!

यानंतरचे काम मात्र स्वतः किंवा जाणत्या माणसाला शेजारी बसवून करावे लागते. विंडोजमध्ये दोन तऱ्हेची खाती असतात, अ‍ॅडमिनिस्ट्रेटर आणि स्टँडर्ड. दुकानात आपण सेल्समनला कात्री आणि मीटरपट्टी देतो, तिजोरीची किल्ली देत नाही. स्टँडर्ड खाते म्हणजे कात्री आणि मीटरपट्टी. मुलाला ते द्यावे. अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचे खाते आपल्याकडे, पासवर्डसहित. मग यंत्राच्या मुळाशी हात घालणारे काही बसवायचे असेल, अँटिव्हायरस बंद करायचा असेल, तर यंत्र मुलाला म्हणते, मोठ्यांना बोलवा. माझ्या घरी त्या रात्री एवढी एक गोष्ट असती तर तो गेम अँटिव्हायरसपाशीच अडला असता. हे करायला दहा मिनिटे लागतात. लिनक्समध्येही असेच वेगळे साधे खाते काढता येते.

विंडोजसोबत मायक्रोसॉफ्टची फॅमिली सेफ्टी नावाची सोय फुकट मिळते. त्यात मुलाच्या नावाचे खाते जोडले की रोज किती तास आणि कोणत्या वेळेत यंत्र चालावे ते ठरवता येते, वाईट जागा गाळता येतात. हे गाळणे एज या त्यांच्या स्वतःच्या ब्राउझरमध्येच चालते, हे ध्यानात ठेवावे. मुलाने दुसरा ब्राउझर वापरला तर गाळणी बाजूला राहील, म्हणून मुलाच्या खात्यात एकच ब्राउझर ठेवावा.

आणखी एक गाळणी थेट राउटरवर बसते, आणि मला ती फार आवडली. इंटरनेटवर एखाद्या जागेचे नाव टाइप केले की त्या जागेचा खरा पत्ता, म्हणजे आकडे, सांगणारा एक मधला माणूस असतो. त्याला डीएनएस म्हणतात. पेठेत नवखा माणूस पानवाल्याला विचारतो ना, अमक्याचे दुकान कुठे, तसेच. आता पानवाला भला असेल तर तो शाळकरी पोराला दारूच्या दुकानाचा पत्ता सांगणार नाही. क्लाउडफ्लेअर या कंपनीने १ एप्रिल २०२० रोजी असा भला पानवाला फुकट उपलब्ध करून दिला. राउटरच्या सेटिंगमध्ये डीएनएसच्या दोन रकान्यांत १.१.१.३ आणि १.०.०.३ हे आकडे घातले की अश्लील जागांचे आणि व्हायरस पसरवणाऱ्या जागांचे पत्ते तो सांगत नाही. घरातल्या वायफायवर चालणाऱ्या प्रत्येक यंत्राला हे लागू होते, आपल्याही मोबाईलला. आपल्या भागात केबलवालेच राउटर बसवून देतात. त्यांच्या पोराला हे आकडे लिहून दिले तर तो करून देतो. त्याच वेळी राउटरचा मूळ पासवर्ड बदलून घ्यावा, कारण तो सगळ्या गल्लीत एकच असतो.

कोणतीही गाळणी पक्की नसते, हेही सांगितले पाहिजे. मुलगा शेजाऱ्याच्या हॉटस्पॉटवर गेला तर पानवाला बदलतो. व्हीपीएन नावाच्या चोरवाटा आहेत, आणि काही ब्राउझर स्वतःचाच डीएनएस वापरतात. तेरा-चौदा वर्षांचे पोर हे सगळे मित्रांकडून शिकते. गाळणी ही लहान मुलाने चुकून ठेच खाऊ नये म्हणून असते. जाणून उडी मारणाऱ्या मोठ्या मुलासाठी गाळणी नव्हे, बोलणे लागते.

आणि बोलण्यासारखे बरेच असते. गेममध्ये अनोळखी माणूस मित्र होतो, आधी फुकट नाणी देतो, मग नाव-गाव विचारतो, मग फोटो मागतो, आणि एकदा फोटो हाती आला की धमकी देतो. मुलगा असो वा मुलगी, दोघांनाही हे होते. आपल्या घरांत अशा गोष्टी उघड बोलण्याची सवय नाही आणि धमकी देणारा नेमका यावरच धंदा करतो. त्याला माहीत असते की हे पोर बापाला सांगणार नाही. म्हणून मी आता आमच्या घरी एक करार केला आहे. यंत्रावर काहीही झाले, चूक कोणाचीही असो, त्याच दिवशी येऊन सांगायचे. सांगितले तर बोलणी नाहीत, लपवले तर आहेत. पहिल्या दोन-तीन वेळा जिभेला आवर घालणे मला जड गेले. धमकीचे प्रकरण असेल तर पैसे देऊ नयेत, फोटो-मेसेज पुसू नयेत आणि पोलिसांकडे जावे. मुलांसाठी १०९८ हा मदतीचा क्रमांक आहे. पैसे गेले असतील तर १९३० वर ताबडतोब फोन करावा. तासाभरात केलेल्या तक्रारीत पैसा वाटेत अडवला जाण्याची आशा असते, दुसऱ्या दिवशी ती फार कमी उरते.

पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर केंद्र सरकारने ऑगस्ट २०२५ च्या कायद्याने बंदी घातली. ते बरे झाले. पण साध्या गेममध्येही हत्यारे, कपडे, नाणी विकत घेण्याची सोय असते आणि मुले आईच्या मोबाईलवरचा यूपीआय पिन पाठ करून ठेवतात. आमच्या सांगलीच्या नात्यातल्या एका घरात अशाच रीतीने दोनशे-तीनशे करत शिलाईचे महिनाभराचे पैसे गेले, आणि घरात संशय आला तो कामाला येणाऱ्या बाईवर. तिची माफी मागायची वेळ आली. पिन मुलांसमोर टाइप करू नये, आणि मुलांच्या यंत्रावर बँकेचे कार्ड कधीही नोंदवू नये.

एक सवय आपली स्वतःची वाईट आहे. मुलाचे खाते काढताना वय अडते म्हणून आपण जन्माचे साल खोटे घालतो. बारा वर्षांचे पोर कागदावर बावीसचे होते, आणि मग ती कंपनी त्याला बावीस वर्षांच्या माणसाला दाखवायचे ते दाखवते. दोष मग कोणाला द्यायचा? खरे साल घाला. खाते निघत नसेल तर तूर्त नको.

वेळेचे काय? भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२१ साली सांगितले की दोन वर्षांखाली पडदा नकोच, दोन ते पाच वर्षांत दिवसाला तासाभरापेक्षा जास्त नको, आणि पाच ते दहा वर्षांत दोन तासांच्या आत. हे सगळे पडदे मिळून, टीव्ही आणि मोबाईल धरून. ऐकायला सोपे आहे. पाळायचे कसे ते सांगली जिल्ह्यातल्या एका गावाने दाखवले. ज्या कडेगावचे उंच ताबूत आपण लहानपणापासून बघत आलो, त्याच कडेगाव तालुक्यातले मोहित्यांचे वडगाव. लोकसंख्या सुमारे तीन हजार. कोविडच्या काळात शाळा मोबाईलवर आली आणि शाळा उघडल्यावरही मोबाईल मुलांच्या हातातून सुटेना, तेव्हा १५ ऑगस्ट २०२२ पासून गावाने संध्याकाळी सात वाजता मंदिरावर भोंगा वाजवायला सुरुवात केली. भोंगा झाला की साडेआठपर्यंत टीव्ही बंद, मोबाईल बंद, मुले अभ्यासाला. आशा सेविका, अंगणवाडी सेविका, शिक्षक सुरुवातीला घरोघर फिरून बघत. वर्तमानपत्रांनी याचे कौतुक "मुलांसाठी उपक्रम" म्हणून केले. मला त्यातली खरी गोष्ट वेगळी वाटते. तो भोंगा मोठ्यांसाठीही होता. आईची मालिका बंद, बापाचा मोबाईल बंद, म्हणून मुलाचा बंद राहिला.

आमच्या घरी भोंगा नाही. पण मगरिबनंतर ते जेवणापर्यंत सगळ्यांचे मोबाईल बैठकीतल्या फळीवर ठेवायचे असे ठरले. पहिल्या आठवड्यात सर्वांत जास्त वेळा फळीकडे कोण गेले असेल? मीच. "मुंबईच्या पार्टीचा फोन येईल" म्हणून. फोन एकदाही आला नाही.

आता मुलींविषयी थोडे स्पष्ट बोलतो, वाचक बंधूंनी राग मानू नये. पुष्कळ घरांत मुलाला न विचारता मोबाईल मिळतो आणि मुलीला मागूनही कॉम्प्युटर मिळत नाही. कारण एकच, भीती. पण जी यंत्रे आज धंद्यात आली आहेत त्यांवर हात बसवायचा तर घरी सराव लागतो. इचलकरंजीला आणि विट्याला पुढच्या तऱ्हेच्या मागांची नक्षी कॉम्प्युटरवर तयार होते. मिरजेच्या सतार आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. त्या कारागिरांच्या घरातली जी मुलगी वाद्याचे नीट फोटो काढून परदेशी गिऱ्हाइकाला पत्र लिहू शकेल, ती दलालाचा हिस्सा घरात ठेवील. मुलीला यंत्र न देऊन आपण तिला सुरक्षित ठेवत नाही, फक्त मैत्रिणीच्या मोबाईलवर चोरून बघायला पाठवतो. तिथे ना गाळणी, ना बैठक.

आणि उर्दू शाळेतल्या मुलांच्या पालकांसाठी एक आनंदाची गोष्ट. आमच्या तरुणपणी उर्दू मजकूर कातिब हाताने लिहीत. मग १९९४ साली इनपेज आले आणि छापखाने बदलले, पण ते घरच्या माणसाच्या आवाक्यातले काम नव्हते. आज विंडोजमध्ये उर्दूचा कीबोर्ड आतच असतो, सेटिंगमध्ये जाऊन भाषा जोडली की झाले. नस्तालिकचे फॉन्टही फुकट मिळतात. मराठीचा कीबोर्ड त्याच्याच शेजारी. बालभारतीची उर्दू माध्यमाची पाठ्यपुस्तके त्यांच्या संकेतस्थळावरून फुकट उतरवून घेता येतात. मुलाचे यंत्र मांडाल त्या दिवशीच हे सर्व त्यात घालून ठेवा. रिकामे यंत्र मुलाला दिले की तो ते गेमने भरणारच. रिकाम्या दुकानात गिऱ्हाईक तरी काय बघेल?

विट्याच्या त्या मित्राला मी यातले निम्मेच सांगू शकलो, कारण गाडी भरून उभी होती. निघताना त्याने विचारले, खर्च किती येईल? मी म्हटले, यंत्राचा भाव बाजारात विचार. बाकीचे, म्हणजे वेगळे खाते, डीएनएसचे आकडे, टेबल फिरवून ठेवणे, यांना पैसा पडत नाही, एक दुपार लागते. त्याने धाकट्याच्या हातातून मोबाईल काढून घेतला. मुलाने भोकाड पसरले. बापाने दोन मिनिटे धीर धरला आणि मोबाईल परत दिला.

माझ्या मुलाचे यंत्र आता बैठकीत आहे, स्टँडर्ड खात्यावर. दुकानाचा लॅपटॉप दुकानातच कुलपात राहतो. हरवलेल्या उधारीची नवी यादी त्याच मुलाने सुट्टीत दुकानात बसून, मुनीमजींच्या शेजारी, जुन्या बिलबुकांवरून तयार केली. दोन बिलबुकांचा ताळा अजून लागलेला नाही.